दाराशी दिलेली मेंढी

“शब्दात कोकरू नव्हतं,” नाईसुला म्हणाली. “तुम्ही दाराशी मेंढी दिलीत. कोकराचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कोकरू माझ्याकडेच राहील.”

काळ्या डोक्याची मेंढी तिने सकाळीच आणून सासूच्या दाराशी बांधली होती. मेंढीचं वीस दिवसांचं कोकरू मात्र वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या घराशी, अडकवून ठेवलं होतं. मेंढी इकडून ओरडत होती, कोकरू तिकडून. मधल्या मोकळ्या जागेत वासरं एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत उभी होती.

“अगं, पाजायला तरी सोड त्याला,” तिची सासू नोन्किशू म्हणाली.

“ते मेंढीच्या मालकिणीला विचारा. तुमच्याच घरात आहे ती.”

मालकीण म्हणजे धाकटी सून सिलान्तोई. लग्न होऊन अकराच दिवस झाले होते. स्वतःचं घर लिंपून होईपर्यंत नवी सून सासूच्याच घरात राहते, तशी ती राहत होती. ती आत चुलीशी बसून सगळं ऐकत होती. तिचं लाकडं फुंकणं थांबलंय, हे बाहेर दोघींनाही कळलं.

“चूक झाली म्हणून दहा वेळा सांगितलंय,” नोन्किशू म्हणाली.

“दहा वेळा तुमच्या मुलाला, कोइनेतला सांगितलंत. मला नाही.”

ते खरंच होतं. पण नोन्किशूला बोचत होतं ते वेगळंच. मेंढी, कोकरू यांचं तिने निस्तरून घेतलं असतं. नाईसुलाच्या तोंडचं ते ‘तुम्ही’ तिला सहन होत नव्हतं.

चौदा वर्षं त्या दोघी एकमेकींना ‘पाकेर’ म्हणत आल्या होत्या. एकीने दुसरीला मेंढी दिली, की दोघींची आपापली नावं बाजूला पडतात आणि दोघीही एकमेकींच्या पाकेर होतात. ते मेंढीचं नातं. त्यात सासू कोण आणि सून कोण हे मागे पडतं. पाकेर पाकेरला अगं-तूगं करते. नोन्किशूला तीन मुलगे झाले, मुलगी झाली नाही, पण चौदा वर्षं तिला कोणीतरी “पाकेर, तुझं डोकं दुखतंय का गं?” असं विचारणारं होतं. सिलान्तोईच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. नाईसुला चहा द्यायची, दूध द्यायची, पाणी आणायची, आणि प्रत्येक वेळी अहो-जाहो करायची. तक्रार करावी तर कशाची करणार?

एवढ्यात थोरला, कोइनेत, डोंगरावरून परतला. परदेशी पाहुण्यांना देवाच्या डोंगरावर चढवून आणायचं त्याचं काम. ज्वालामुखीचं तोंड दाखवायचं आणि ऊन तापायच्या आत खाली उतरवायचं. मांड्यांपर्यंत राखेने पांढरा झालेला, काठी टेकत तो आला, मेंढीकडे पाहिलं, कोकराच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं.

“येयो, अजून तेच चाललंय?” तो आईला म्हणाला. मग बायकोकडे वळून म्हणाला, “एक मेंढी गेली ना? मी दोन आणून देतो. एकेका पाहुण्याला ढकलत वर नेतो मी, मला निदान झोप तरी द्या.”

“आण,” नाईसुला म्हणाली. “त्या मेंढ्यांना दाराशी उभं कर आणि विचार, त्यांच्यामुळे कोण कुणाची पाकेर झाली.”

कोइनेत झोपायला गेला. नाईसुलाही पाण्याचे डबे घेऊन गाढवाबरोबर झऱ्याकडे गेली. नोन्किशू मेंढीजवळ उकिडवी बसली. मेंढीने तिच्या तळहाताला नाक लावलं. ही हाताला ओळखणारी होती, हाच तर सगळा घोटाळा.

नोन्किशू स्वतः सोळाव्या वर्षी तळ्याच्या पलीकडून इथे सून म्हणून आली. तिची सासू वस्तीत चिक्कू म्हणून प्रसिद्ध होती. नवी सून दाराच्या काटेरी कुंपणाशी थांबते, मान खाली घालून, आणि देणं ऐकल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. नोन्किशू दुपारपासून शेळ्या परत यायच्या वेळेपर्यंत थांबली होती. आतल्या बायका रीतीप्रमाणे तिला शिव्या देत होत्या, शहामृगाच्या मानेची, दूध काढताना भोपळ्याचं भांडं फोडणारी. शिव्या संपल्या, बायका घरी जाऊन चहा पिऊन आल्या, पुन्हा शिव्या सुरू झाल्या, तरी सासू काही बोलेना. शेवटी तिने एक लंगडी मेंढी दिली. नोन्किशू हे नेहमी हसत सांगायची. पण तेव्हाच तिने मनाशी धरलं होतं, की आपल्या सुनेला दाराशी ताटकळत ठेवायचं नाही, आणि उत्तम तेच द्यायचं.

नाईसुला आली तेव्हा नोन्किशूचा नवरा वारून वर्ष झालं होतं आणि कळप निम्म्यावर आला होता. तरी सूनबाई दाराशी येऊन थांबते न थांबते तोच नोन्किशू म्हणाली होती: “काळ्या डोक्याची, दोन वेतांची, माझ्या हाताला ओळखणारी मेंढी तुला दिली. आत ये.” नाईसुलाने रीत मोडून मान वर करून पाहिलं होतं. पाठराखणीला आलेली म्हातारी म्हणाली, अगं थांब जरा, इतक्या लवकर आत जाऊ नये, लोक हसतील. लोक हसलेच.

मग राखेचं वर्ष आलं. डोंगर फुटला, गवतावर राख बसली, जनावरांची तोंडं सोलली. दाराशी मिळालेल्या त्या एकीपासून वाढलेल्या काळ्या डोक्याच्या सगळ्या मेंढ्या नाईसुलाच्या. त्या एकामागून एक गेल्या. राहिलेली दोन कोकरं तिने पाठीवर घेतली आणि दोन दिवस चालत माहेरी नेली. तिच्या पोटात तेव्हा पहिलं मूल होतं. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा कडेवर मुलगी होती आणि दोरीला दोन मेंढ्या. आज कुंपणात काळ्या डोक्याच्या सात होत्या, त्या या दोघींपासूनच्या. सातांतली एकच दोन वेतांची होती, आणि तीच नोन्किशूच्या हाताला ओळखायची, कारण तिची आई मेली तेव्हा नोन्किशूनेच तिला बाटलीने दूध पाजलं होतं.

पाहुण्यांची छावणी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी झाली. गाड्या आधी सिंह, हत्ती दाखवत यायच्या, मग इथे तळ्यावरचे गुलाबी पक्षी, मग डोंगर. डोंगर उतरून आलेले लोक दुपारपर्यंत झोपायचे आणि तीन वाजता उठून बसायचे; गुडघे धरलेले, कुठे जाता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळची. त्यांना काहीतरी दाखवायला हवं असायचं. छावणीचा व्यवस्थापक एलिसान्ते शहरातून आलेला, हुशार माणूस. त्याने वस्तीच्या बायकांना तळ्याकाठी एक नकली वस्ती बांधायला लावली. कुंपण खरं, घरं खरी, राहणारं कुणी नाही. आधी उड्यांचा नाच झाला, मग काटक्यांनी जाळ पेटवणं झालं. एका शनिवारी तो म्हणाला, लग्न दाखवता येईल का? सून दाराशी येते तेवढंच. पंधरा मिनिटांचं.

सासू कोण होणार, यावर चर्चाच झाली नाही. नोन्किशूच्या जिभेसारखी जीभ दुसऱ्या कुणाला नव्हती. शिव्या द्याव्यात तर तिनेच. एक अक्षर कळत नसताना पाहुणे पोट धरून हसायचे. बाकीच्या बायका कळूनही हसायच्या, कारण अधूनमधून ती सुनेऐवजी पुढच्या खुर्चीवरच्या पाहुण्यालाच घालूनपाडून बोलायची.

पहिल्या शनिवारी देण्याची वेळ आली तेव्हा तिने एलिसान्तेला विचारलं, काय देऊ? तो म्हणाला, काहीही द्या, आजी. तिच्या तोंडी जे आयतं होतं तेच आलं. काळ्या डोक्याची, दोन वेतांची, माझ्या हाताला ओळखणारी. गाणाऱ्या बायकांच्या रांगेत नाईसुला उभी होती.

परतताना, पाठीवर पाण्याचा डबा असताना, नाईसुला म्हणाली होती, “पाकेर, ते शब्द माझे होते गं.”

“शब्द काय झिजतात होय?” नोन्किशू हसून म्हणाली होती.

पुढच्या शनिवारी नाईसुला रांगेत आली नाही; घरी काम आहे म्हणाली. त्यानंतर ती कधीच गेली नाही. नोन्किशूला ते जाणवलं होतं, पण जाणवून तिने काही केलं नव्हतं. दुसरे शब्द शोधायला किती वेळ लागला असता? बकरी म्हणता आलं असतं, बैल म्हणता आला असता. पण तेच शब्द तोंडात बसले होते, आणि एलिसान्तेने त्यांचं भाषांतर कागदावर लिहून ठेवलं होतं. शिवाय त्याने तिला एक शिकवलंही होतं: मेंढी दिली म्हटल्यावर लगेच ‘आत ये’ म्हणायचं नाही, मनात पाच मोजायचे. तेवढ्यात लोकांना कॅमेरे वर करता येतात. ती पाच मोजायची. चार वर्षं, दर शनिवारी. या चार वर्षांत तिने ती मेंढी किती मुलींना दिली याचा हिशोब नव्हता. शेवटची दोन वर्षं सून व्हायची ती सिलान्तोई. तिथेच मधल्या मुलाने, मेलिय्योने, तिला पाहिलं आणि खरंच लग्न ठरलं.

लग्नासाठी नोन्किशूने वेगळी मेंढी धरली होती, पांढरी, पाठीवर तांबूस डाग असलेली. तिच्या कानाला खूणही केली होती. त्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. सिलान्तोई हळूहळू चालत आली, मान खाली, मागे न बघता. खरं तर ती फारच छान चालत आली, सवय होती. बायकांनी शिव्या दिल्या, त्याही सवयीच्याच. दाराशी ती थांबली. नोन्किशू पुढे झाली आणि तोंड उघडलं.

“काळ्या डोक्याची, दोन वेतांची, माझ्या हाताला ओळखणारी मेंढी तुला दिली.”

आणि ती थांबली. पाच मोजले. मग म्हणाली, “आत ये.”

सिलान्तोई आत आली. म्हाताऱ्यांनी ऐकलं, सगळ्या वस्तीने ऐकलं. दाराशी दिलेलं परत घेता येत नाही. घेतलं तर सून पुन्हा दाराबाहेर जाते. नोन्किशूला आपण काय बोललो ते कळलं तेव्हा तिने आधी नाईसुलाकडे पाहिलं. नाईसुला दुधाचा भोपळा घेऊन नव्या सुनेला पाजायला पुढे आली होती. तिने सिलान्तोईला दूध पाजलं, तिच्या गळ्यातल्या मण्यांच्या चकत्या सारख्या केल्या, आणि घरात निघून गेली.

लग्नानंतरच्या शनिवारी नोन्किशू छावणीवर गेली. न जाऊन भागणार नव्हतं, बोलावणं आधीच ठरलेलं होतं. त्या दिवशी एका पाहुणीलाच सून व्हायचं होतं. सकाळीच डोंगर उतरलेली बाई, चेहरा उन्हाने लाल झालेला, दोन्ही हातांत काठ्या. दाराशी ती खरोखरच थांबली. तिला पुढे चालवतच नव्हतं. नोन्किशूने शिव्या दिल्या. देण्याची वेळ आली तशी तिला काळ्या डोक्याची म्हणवेना. मग एकदम म्हणाली, “वासरू दिलं.”

गाणाऱ्या बायकांना हसू फुटलं. आता ही गोरी बाई हिची वासराची सोबतीण झाली की. पण एलिसान्तेने कागदावरचं आधीच वाचून टाकलं होतं, त्यामुळे पाहुण्यांना मेंढीच ऐकू गेली. थांबायचं तेवढं थांबून झालं, कॅमेरे वर झाले, बाई काठ्या टेकत आत आली, टाळ्या वाजल्या. सगळं दर शनिवारसारखं झालं. काय दिलं याच्याशी तिथे कुणालाच देणंघेणं नव्हतं. नोन्किशू टाळ्या ऐकत उभी राहिली. चार वर्षं आपण इथे उभं राहून कसली सवय करत होतो, हे तिला त्या टाळ्यांत कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

नंतर एलिसान्ते म्हणाला, “आजी, आज वासरू कसं? ती बाई मेंढीबरोबर फोटो मागतेय.”

“कुणाच्याही मेंढीबरोबर काढ,” नोन्किशू म्हणाली. “आपल्याकडे चालतं.”

मेंढी दाराशी बांधली त्याच दिवशी दुपारी नोन्किशूचा दीर तुमान्का आला. धाकट्या मुलाच्या, पर्मुआतच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पाऊस संपला की मुलीकडचे होकार देणार होते. तो त्याबद्दल बोलायला आला होता, पण वस्तीत शिरताच मेंढी आणि कोकराचा कल्ला ऐकून त्याने आधी तेच काढलं. सगळे नोन्किशूच्या घरासमोर बसले: झोपेतून उठवलेला कोइनेत, मेलिय्यो, पर्मुआत. नाईसुला चहा घेऊन आली. सिलान्तोई दाराच्या आत उभी राहिली.

तुमान्काने चहा संपवला आणि न्याय केल्यासारखं सांगितलं, की दाराशी बोललेलं ते बोललेलं. काळ्या डोक्याची मेंढी सिलान्तोईची. थोरलीचं नुकसान झालं हे खरं, तर पांढरी तिला द्या. वर एक शेळी द्या. कोकरू आईपाशी सोडा, ओरडून मरेल. “काय कोइनेतच्या आई, बरोबर ना?”

नोन्किशू मेंढीकडे बघत होती.

“काका, मला पांढरी नको,” नाईसुला म्हणाली. ती शांतपणे बोलत होती. “मेंढी तिची हेही मला मान्य आहे. कोकरूही मी आत्ता सोडते. सकाळी मी रागात बोलले.”

“मग भांडण कसलं?” तुमान्काने विचारलं.

दाराआडून सिलान्तोईचा आवाज आला. नव्या सुनेने बोलू नये, पण ती बोलली. “पाकेर, मला ती मेंढी नको. दारात मला वाटलं तुझ्या तोंडून चुकून गेलं. तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पण पाच झाले आणि पाय उचललाच.”

ती ‘पाकेर’ म्हणाली ते सासूला उद्देशून. नाईसुलाने ते ऐकलं. क्षणभर तिची नजर हातातल्या पेल्यावर टेकली. मग तिने सासूकडे पाहिलं.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी दाराशी ते शब्द बोलताना तुम्हाला माझी आठवण झाली का?”

कोइनेत काहीतरी बोलणार होता, तुमान्काने त्याला हाताने थांबवलं. नोन्किशूला खोटं बोलता आलं असतं. हो, तुझीच आठवण झाली, तुझ्यासारखीच सून मिळावी म्हणून तोंडून गेलं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांना ते पटलं असतं. कदाचित नाईसुलानेही पटवून घेतलं असतं. ते वाक्य तिच्या तोंडाशी अगदी तयार होऊन आलं, आणि ते इतकं तयार आहे याचीच तिला भीती वाटली.

“नाही,” ती म्हणाली. “मी पाच मोजत होते.”

नाईसुलाने मान हलवली. जणू तिला हेच ऐकायचं होतं, किंवा हेच ऐकायला लागू नये असं वाटत होतं. नोन्किशूला त्या चेहऱ्यावरून काही सांगता आलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. नाईसुला उठली, स्वतःच्या घराकडे गेली आणि कोकराची दोरी सोडली. कोकरू धडपडत मोकळ्या जागेतून पळत आलं आणि आईच्या पोटाखाली घुसलं.

तुमान्काला बरं वाटलं. तो म्हणाला, चला, मिटलं, आणि पर्मुआतचं बोलणं सुरू केलं. मुलीचे वडील चांगले आहेत, मागणं फार नाही. त्यांची एकच इच्छा आहे, मुलगी दाराशी आली की तिला ताटकळत ठेवू नये. तिच्या आईने आधीच ऐकलंय म्हणे, की इथली सासू दाराशी चांगलं बोलते. छावणीवर पाहिलंय तिने.

पर्मुआत हसला. मेलिय्यो खाली बघत राहिला.

“मी उभी राहणार नाही,” नोन्किशू म्हणाली.

तुमान्काला वाटलं, ती छावणीबद्दल बोलतेय. तो म्हणाला, नका जाऊ छावणीवर, तुम्हाला कुणी सक्ती केलीय?

“छावणीचं नाही. तिथे मी आता जाणारच नाही, ते वेगळं. पर्मुआतची बायको येईल तेव्हा दाराशी मी उभी राहणार नाही.”

“वेड लागलंय का?” तुमान्का म्हणाला. “मुलाची आई जिवंत असताना पहिलं देणं दुसरी कोण देणार? ती मुलगी मग तुम्हाला कसली पाकेर म्हणणार?”

“म्हणणार नाही.”

नाईसुला परत येत होती, हातात रिकामी दोरी. नोन्किशू तिच्याकडे न बघता, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, पण त्या आवाजात छावणीवरचं काही नव्हतं.

“दाराशी नाईसुला उभी राहील. काय द्यायचं ते ती ठरवेल, कुठल्या शब्दांत द्यायचं तेही तीच ठरवेल. ती मुलगी नाईसुलाची पाकेर. मुलीकडच्यांना तसं सांगून टाका.”